फुफ्फुस, जनुकं आणि जंगल : डेटा हातात आल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचं

माझं काम तीन खात्यांच्या मधे बसून आकडे तपासायचं. रेडिओलॉजीवाले सीटी स्कॅन घेऊन येतात, जीवशास्त्रवाले आरएनएचे तक्ते, परिसंस्थेवर काम करणारे उपग्रहाची चित्रं. आपला विषय इतरांपेक्षा वेगळा, अशी प्रत्येकाची खात्री असते. फायली उघडल्या की मला मात्र तिघांकडे तेच दिसतं: आकड्यांचा डोंगर, आणि ते आकडे आले कुठून याची अर्धवट नोंद. तिघांचा पहिला प्रश्नही ठरलेला. "कोणतं मॉडेल वापरू?"

मॉडेल दुसऱ्या आठवड्यात. पहिल्या आठवड्यात मी लोकांकडून जे करून घेते तेच इथे लिहिते आहे. पायथन किंवा आर यांपैकी एक थोडंफार येत असेल तर पुरे. हे सगळं वहीवर सुरू करता आलं तर आणखी बरं.

नमुने मोजा, फायली नव्हे

मी पहिला प्रश्न विचारते तो असा: तुमच्याकडे नमुने किती? बहुतेक जण फोल्डरमधल्या फायलींची संख्या सांगतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, खुला केलेला छातीच्या एक्स-रेंचा प्रसिद्ध संच घ्या. चित्रं १,१२,१२०, रुग्ण ३०,८०५. एकाच माणसाचे अनेक एक्स-रे आहेत. चित्रं नुसती पिसून ऐंशी टक्के शिकवायला आणि वीस टक्के तपासायला काढली, तर एकाच रुग्णाचा मार्चमधला एक्स-रे एका बाजूला आणि एप्रिलमधला दुसऱ्या बाजूला जातो. त्याच्या बरगड्यांची ठेवण, त्याचा पेसमेकर, त्याची जुनी जखम मॉडेलने पाहिलेलीच असते. मग ते आजार ओळखतंय की माणूस, हे कळायला मार्ग नाही. पेपर फुटलेल्या परीक्षेतले गुण जसे, तसा हा निकाल. म्हणून इथे नमुने जास्तीत जास्त ३०,८०५. "हे मॉडेल दुसऱ्या रुग्णालयात चालेल का?" असा तुमचा प्रश्न असेल, तर नमुना म्हणजे रुग्णालय. मग तुमच्याकडे नमुना एक आहे. हे ऐकून लोक नाराज होतात. होऊ द्या.

जीवशास्त्रात हा सापळा एकेका पेशीचा आरएनए मोजणाऱ्या प्रयोगांत जास्त सापडतो. तीन आजारी उंदीर, तीन निरोगी, आणि प्रत्येकाच्या हजारो पेशी. पेशींनाच स्वतंत्र नमुने धरलं तर पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) इतक्या बारीक येतात की छापायलाही लाज वाटावी. एका उंदराच्या पेशी एकमेकींसारख्या असणारच. त्यांचा जन्म, आहार, पिंजरा, विच्छेदनाची वेळ, सगळं एकच होतं. आजारी किंवा निरोगी असतो तो उंदीर, म्हणून नमुने सहा. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली परिसंस्थाशास्त्रातल्या प्रयोगांमधली हीच चूक दाखवली होती आणि तिला आभासी पुनरावृत्तीचं नाव दिलं होतं. पेशीवाल्यांना हा धडा पुन्हा गिरवावा लागला. २०२१ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये या पद्धतींची तुलना झाली. जनावरांमधला फरक न मोजणाऱ्या पद्धती, खरा फरक मुळीच नसतानाही शेकडो जनुकं बदलल्याचं सांगतात, हे तिथे दिसलं. उपाय अगदी साधा आहे. एका प्रकारच्या पेशींचे आकडे प्रत्येक जनावरामागे बेरीज करून एका स्तंभात आणा, आणि मग डीईसेक२ किंवा एजआर ही जनुकांमधला फरक तपासणारी साधनं चालवा.

जंगलाच्या नकाशात तर शेजारचा पिक्सेल जवळपास जुळा भाऊच असतो. मध्य आफ्रिकेतल्या जंगलांच्या जैवभाराचा (झाडांच्या एकूण वजनाचा) एक अभ्यास २०२० साली आला. नेहमीच्या पद्धतीने पडताळणी केली तेव्हा मॉडेल निम्म्याहून अधिक फरक समजावून सांगत होतं, म्हणजे आर-स्क्वेअर ०.५३. तपासायच्या जागा शिकवलेल्या जागांपासून दूर ठेवल्या, तेव्हा तेच मॉडेल जवळपास शून्यावर आलं. जंगलाबद्दल ते फारसं काही शिकलंच नव्हतं, शेजाऱ्याचं उत्तर उतरवत होतं.

तेव्हा पहिल्या दिवशी एक तक्ता बनवा. एका फाइलला एक ओळ. स्तंभ असे: रुग्ण, जनावर किंवा भूखंड यांचा क्रमांक, यंत्र, तारीख, काम कोणी केलं, बॅच (म्हणजे एकाच वेळी एकत्र चालवलेला नमुन्यांचा गट), ठिकाण, आणि शेवटी लेबल, म्हणजे मॉडेलने ओळखायचं उत्तर, जसं आजारी की निरोगी. लेबल शेवटी का, ते पुढे कळेल. टीसीजीए या कर्करोगाच्या संग्रहातला डेटा असेल, तर नमुन्याच्या लांबलचक सांकेतिक क्रमांकातली पहिली बारा अक्षरं, मधल्या रेघा धरून, रुग्णाची असतात. तेवढीच कापून वेगळा स्तंभ करा. विभागणी या स्तंभावरून करायची. सायकिट-लर्नमध्ये त्यासाठी ग्रुप-के-फोल्ड आहे. नकाशासाठी प्रदेशाचे मोठे चौकोन पाडा आणि अख्खे चौकोन बाजूला ठेवा. चौकोन केवढा, हे अंदाजाने ठरवू नका. व्हेरिओग्राम, म्हणजे अंतर वाढेल तसं साम्य कसं घटतं याचा आलेख, काढा, साम्य किती अंतरावर विरतं ते पाहा, आणि चौकोन त्याहून मोठा घ्या.

विभागणी सगळ्यात आधी करायची. विश्लेषण सुरू होण्याआधी, सरासरी काढण्याआधी, जनुकं निवडण्याआधी. वीस हजार जनुकांतून आजाराशी जुळणारी पन्नास सगळा डेटा पाहून निवडायची आणि नंतर त्या पन्नासांवर क्रॉस-व्हॅलिडेशन (डेटाचा एकेक तुकडा आळीपाळीने बाजूला ठेवून तपासणी) करायचं, हा उद्योग अजूनही चालतो. अम्ब्रॉइझ आणि मॅकलाखलन यांनी २००२ मध्येच दाखवलं होतं की असं केलं तर चुकीचं प्रमाण फसवं कमी दिसतं. पटत नसेल तर लेबलं पिसून तेच सगळं पुन्हा चालवा. पिसलेल्या लेबलांवरही निकाल छान आला, तर गळती कुठेतरी आहे, म्हणजे तपासायच्या संचातली उत्तरं शिकवताना झिरपली आहेत.

यंत्र काय बोलतंय ते ऐका

दुसऱ्या दिवशी कच्चे आकडे पाहायचे. आलेख काढायचे नाहीत, सरासरी काढायची नाही. फाइल उघडायची आणि आत काय आहे ते बघायचं.

सीटीचं सोपं. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या नावाचं एकक आहे; पाणी शून्य, हवा उणे १०००. चरबी उणे शंभराच्या आसपास, हाड काहीशेच्या पुढे. स्कॅनर ज्या डायकॉम फाइलमध्ये चित्र साठवतो, तिच्यातले आकडे मात्र थेट या एककात नसतात. त्यांना फाइलमध्येच लिहिलेल्या स्लोपने गुणायचं आणि इंटरसेप्ट मिळवायचा. माझी सवय अशी: श्वासनलिकेच्या मधोमध कर्सर ठेवते. उणे हजाराच्या जवळपास आकडा आला तर पुढे जाते. तिथे चोवीस दिसलं तर ही गुणाकार-बेरजेची पायरी राहून गेली आहे, किंवा कोणीतरी सीटीचं पीएनजी करून पाठवलं आहे. पीएनजी करताना सहसा एक विंडो, म्हणजे आकड्यांचा एक पट्टा, निवडून उरलेलं कापून टाकलेलं असतं; त्यातून घनता परत मिळत नाही. मोजमाप करायचं असेल तर मूळ डायकॉम मागा. संकोच करू नका. त्यावरून भांडण झालं तरी चालेल.

एमआरआयमध्ये असं पक्कं एकक नाही. एका स्कॅनरवरचा ३०० आणि दुसऱ्यावरचा ३०० यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसू शकतो.

आरएनएच्या तक्त्यात पूर्णांक हवेत. अपूर्णांक किंवा उणे आकडे दिसले तर आधी कोणीतरी त्यावर हात फिरवला आहे, आणि डीईसेक२ला न फिरवलेलेच आकडे लागतात. नंतर जनुकांची नावं चाळा. एक्सेल सेप्ट२ला २ सप्टेंबर करतं, मार्च१ला १ मार्च. २०१६ साली झीमान आणि सहकाऱ्यांनी शोधलं, तेव्हा जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडणाऱ्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचव्या भागात असल्या चुका होत्या. शेवटी नामकरण समितीनेच माघार घेतली आणि २०२० साली या जनुकांची नावं सेप्टिन२, मार्चएफ१ अशी बदलली. जुन्या फायलींत तारखा अजून बसलेल्या आहेत.

उपग्रहाच्या चित्रांत इतके सापळे आहेत की मी तीनच सांगते. पहिला: वनस्पती-निर्देशांक म्हणजे एनडीव्हीआय काढायला निकट-अवरक्त आणि लाल या दोन पट्ट्या लागतात, त्यांची वजाबाकी भागिले बेरीज. लँडसॅट ५ आणि ७ मध्ये या पट्ट्या ४ आणि ३ आहेत, लँडसॅट ८ मध्ये ५ आणि ४, सेंटिनेल-२ मध्ये ८ आणि ४. जुना कोड नव्या उपग्रहावर चालवला तर तो निमूटपणे चालतो आणि भलतंच सांगतो. दुसरा: ३१ मे २००३ रोजी लँडसॅट ७ मधला एक भाग बिघडला. त्यानंतरच्या त्याच्या प्रत्येक दृश्यात जवळपास २२ टक्के पिक्सेल रिकाम्या पट्ट्यांत गेलेले आहेत. त्या पट्ट्या शून्य धरल्या तर जंगल तिरक्या रेषांत तुटलेलं दिसेल.

तिसरा सगळ्यात बेरकी. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२च्या आकड्यांत १००० मिळवलेले असतात आणि वापरणाऱ्याने ते वजा करायचे असतात. नाही केले तर काय होतं ते हाताने करून बघा. दाट झाडी असलेल्या पिक्सेलमध्ये लाल ४००, अवरक्त ३०००. वजाबाकी २६००, बेरीज ३४००, एनडीव्हीआय ०.७६. आता दोन्हींत हजार मिळवा: १४०० आणि ४०००. वजाबाकी तीच २६००, बेरीज ५४००, एनडीव्हीआय ०.४८. एकाही झाडाला धक्का न लागता जंगल विरळ झालं. "२०२२ मध्ये अधिवासाचा झपाट्याने ऱ्हास" असा निष्कर्ष घेऊन कोणी आलं की मी सर्वात आधी ही वजाबाकी झाली का ते विचारते.

मॉडेलला आधी नको ते ओळखायला लावा

माझ्या लेखी हा आठवड्यातला सर्वात उपयोगी दिवस, आणि नेमका हाच लोक टाळतात.

तक्त्यात लेबल शेवटी ठेवायला सांगितलं होतं. आता लेबल झाका आणि मॉडेलला यंत्र ओळखायला लावा. किंवा बॅच, किंवा रुग्णालय, किंवा महिना. ते सहज ओळखता येत असेल तर लेबल आणि यंत्र यांचा संबंध तपासणं भाग आहे.

२०१८ साली झेक आणि सहकाऱ्यांनी न्यूमोनिया ओळखणारी प्रणाली तपासली. एका रुग्णालयाच्या एक्स-रेंमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण ३४.२ टक्के, दुसऱ्या संस्थेच्या एक्स-रेंमध्ये १.२ टक्के. एक्स-रे कुठून आला हे मॉडेल ९९.९ टक्क्यांहून अधिक वेळा ओळखत होतं. मग फुफ्फुस बघायची गरजच काय? रुग्णालय ओळखलं की उत्तर बऱ्यापैकी कळलं. दोन्हीकडचा डेटा एकत्र केल्यावर आतल्या चाचणीत गुण वाढले, आणि तिसऱ्या ठिकाणी नेल्यावर घसरले.

कोविडच्या काळात तर कहर झाला. २०२० सालातल्या जानेवारी ते ऑक्टोबर या महिन्यांतले २,२१२ अभ्यास एका गटाने गोळा केले, चाळून ४१५ उरवले, दर्जा पाहून ६२. त्यातलं एकही मॉडेल रुग्णांसाठी वापरण्याजोगं नव्हतं. कारणांपैकी एक वाचून मी खुर्चीत मागे रेलले होते: अनेकांनी कोविडचे एक्स-रे प्रौढांचे घेतले आणि तुलनेसाठीचे एक ते पाच वर्षांच्या मुलांचे. मॉडेल लहान-मोठं ओळखून शाबासकी मिळवत होतं.

जीवशास्त्रातलं उदाहरण २०१४-१५ चं. माणूस आणि उंदीर यांच्या ऊतींमधली जनुकांची सक्रियता मोजली, तेव्हा माणसाचं यकृत उंदराच्या यकृतापेक्षा माणसाच्याच इतर अवयवांच्या जवळ निघालं. गिलाड आणि मिझराही-मान यांनी यंत्रातून निघणाऱ्या कच्च्या फास्टक्यू फायलींतल्या ओळींच्या नावांवरून कोणता नमुना कोणत्या यंत्रावर, त्यातल्या कोणत्या लेनमध्ये (कप्प्यात) चालला ते शोधून काढलं. दोन प्रजातींचे नमुने बहुतांशी वेगवेगळ्या बॅचमध्ये चालले होते. बॅचचा हिशेब धरल्यावर गट प्रजातीनुसार न पडता ऊतीनुसार पडले. मूळ नोंद फाइलमध्येच होती. पाहिली कोणी नव्हती, इतकंच.

अधिवासात बॅच म्हणजे ऋतू. आधीचं चित्र पावसाळ्यानंतरचं, नंतरचं ऐन उन्हाळ्यातलं, आणि मधे दहा वर्षं. पानगळीचं जंगल मग दर वेळी "नष्ट" होतं. प्राण्यांच्या नोंदींत बॅच म्हणजे निरीक्षक. नोंदी रस्त्याकडेला दाट, आत विरळ. पक्षी आधी जिथे दिसत नव्हता तिथे आता दिसतो, याचा अर्थ कधीकधी एवढाच, की आता तिथे फोन घेऊन माणूस जातो.

म्हणून लेबल आणि बॅच यांचा उभा-आडवा तक्ता काढा. वहीवर. सगळे आजारी नमुने एका बॅचमध्ये आणि सगळे निरोगी दुसऱ्या बॅचमध्ये असतील, तर काम तिथेच थांबवा. कॉम्बॅट ही बॅचचा फरक काढून टाकणारी पद्धत किंवा तसली दुसरी कुठलीही दुरुस्ती अशा ठिकाणी मदत करत नाही, कारण बॅच पुसली की आजारही पुसला जातो. एक शस्त्रक्रियातज्ज्ञ माझ्याशी यावरून बराच वेळ हुज्जत घालत होते. "पण संगणकाला कळेल ना फरक?" कळणार कसा? फरकाची दोन कारणं नेहमी जोडीनेच येत असतील, तर ती वेगळी करायला माणसाकडेही काही नाही.

चित्रांसाठी आणखी एक चाचणी, फार थोड्या वेळाची. एक्स-रेतलं फुफ्फुस काळ्या चौकोनाने झाका आणि मॉडेलला विचारा. तरीही आजार ओळखत असेल, तर ते कोपऱ्यातलं अक्षर, धातूची खूण किंवा रुग्ण कसा झोपवला होता ते वाचतंय.

खरं उत्तर कोणी ठरवलं?

लेबल म्हणजे सत्य असं गृहीत धरून सगळे पुढे जातात. एलआयडीसी नावाचा फुफ्फुसातल्या गाठींचा सीटी संग्रह आहे. प्रत्येक स्कॅन चार रेडिओलॉजिस्टांनी पाहिला. तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ म्हणून निदान एकाने खूण केलेल्या जागा २,६६९. चौघांनीही तशीच खूण केलेल्या ९२८. म्हणजे जेमतेम तिसरा भाग. अनुभवी माणसांचंच एवढं जमत असेल, तर तुमच्या मॉडेलची ९८ टक्के अचूकता नेमकी कोणाशी जुळते आहे?

एक्स-रेच्या ज्या संचाबद्दल वर लिहिलं, त्यातली लेबलं डॉक्टरांच्या अहवालांतून संगणकाने शब्द शोधून काढलेली आहेत. शिवाय छातीत हवा साठलेल्या अनेक रुग्णांच्या एक्स-रेत आधीच नळी घातलेली दिसते. मॉडेल नळी ओळखायला शिकतं. म्हणजे उपचार झालेले रुग्ण बरोबर सापडतात आणि ज्यांना मदत हवी ते सुटतात.

जंगलाचंही तसंच. २०१३ साली हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी लँडसॅटवरून काढलेला जागतिक नकाशा २००० ते २०१२ मध्ये २३ लाख चौरस किलोमीटर वृक्षाच्छादन गेलं असं सांगतो. तिथे झाड म्हणजे पाच मीटरपेक्षा उंच कोणतीही वनस्पती. लावलेल्या निलगिरीची तोडणीही त्यात "घट" म्हणून येते. नकाशा चुकीचा नाही. पण तुमचा प्रश्न गिधाडांच्या किंवा वानरांच्या अधिवासाचा असेल, तर तो नकाशा त्या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

करायचं ते एवढंच: थोडी चित्रं निवडा, दोन जाणकारांना एकमेकांचं न बघता लेबल लावायला सांगा, आणि त्यांचं किती जुळतं ते कप्पा गुणांकाने (योगायोगाने जुळणारं वगळून एकमत मोजणारा आकडा) मोजा. मॉडेलकडून त्याच्या वर अपेक्षा ठेवू नका.

एकच गणित, दवाखान्यातलं आणि जंगलातलं

आता कागद घ्या. हे गणित मी फळ्यावर एकदाच लिहिते आणि दोन्ही खात्यांच्या लोकांना एकत्र बसवते.

एक लाख हेक्टर जंगल. खरोखर तुटलेलं एक टक्का, म्हणजे १,००० हेक्टर. तुमचा नकाशा तुटलेल्यापैकी ९० टक्के पकडतो: ९०० हेक्टर. न तुटलेल्या ९९,००० हेक्टरपैकी फक्त दोन टक्के चुकून तुटलेलं दाखवतो: १,९८० हेक्टर. नकाशावर लाल रंगाचे पिक्सेल मोजले तर २,८८० हेक्टर. खऱ्याच्या जवळजवळ तिप्पट. आणि अचूकता? ९७.९ टक्के. अहवालाच्या पहिल्या पानावर तोच आकडा ठळक छापला जातो. "इथे काहीही तुटलेलं नाही" असा कोरा नकाशा दिला असता, तर त्याची अचूकता ९९ टक्के भरली असती.

आता "हेक्टर" खोडून "माणसं" लिहा, "तुटलेलं" खोडून "आजारी". एक लाख लोकांची तपासणी, १,००० आजारी, संवेदनशीलता (आजारी पकडण्याचं प्रमाण) ९० टक्के, विशिष्टता (निरोगींना निरोगी म्हणण्याचं प्रमाण) ९८ टक्के. पॉझिटिव्ह आलेले २,८८०, त्यातले खरोखर आजारी ९००. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या तिघांतला साधारण एकच आजारी. एकही आकडा बदलावा लागला नाही. रेडिओलॉजीवाल्यांना हे ठाऊक असतं, पण नकाशात त्यांना ते दिसत नाही. परिसंस्थावाल्यांचं नेमकं उलट.

दुरुस्ती मात्र जंगलवाल्यांकडे जास्त नीट लिहिलेली आहे. ओलोफसन आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा लेख त्यासाठी वाचावा. पिक्सेल मोजून क्षेत्रफळ सांगायचं नाही. नकाशावरच्या प्रत्येक वर्गातून यादृच्छिक बिंदू काढायचे, ते उच्च दर्जाच्या चित्रावर किंवा प्रत्यक्ष जाऊन बघायचे, आणि त्यावरून हिशेब करायचा. समजा "तुटलेलं" या वर्गातल्या ३०० बिंदूंपैकी ९४ खरोखर तुटलेले निघाले. २,८८० चे ३१ टक्के, म्हणजे सुमारे ९०० हेक्टर. "शाबूत" वर्गातल्या १,००० बिंदूंपैकी एक तुटलेला निघाला. ९७,१२० चा हजारावा भाग, ९७ हेक्टर. बेरीज हजाराच्या आसपास आली, सत्याला धरून. आता एक गोष्ट नीट बघा: शाबूत वर्गात एकाऐवजी दोन बिंदू तुटलेले सापडले असते, तर उत्तर एकदम ९७ हेक्टरने वाढलं असतं. म्हणून क्षेत्रफळासोबत विश्वासांतर, म्हणजे खरं उत्तर कोणत्या मर्यादांत असू शकतं तो पल्ला, द्यायचं, आणि मोठ्या वर्गाकडे दुर्लक्ष करायचं नाही. बदल शोधणारे सगळे बिंदू बदललेल्या जागांवरच खर्च करतात. सुटलेलं जंगल दुसरीकडेच असतं.

एकाच वेळी हजार प्रश्न

हे थोडक्यात. वीस हजार जनुकं, प्रत्येकासाठी एक चाचणी, पी-व्हॅल्यूची मर्यादा ०.०५. काहीच बदललेलं नसलं तरी हजार जनुकं "बदललेली" निघतील. मेंदूच्या चित्रात हेच वोक्सेलबाबत, म्हणजे चित्राच्या त्रिमितीय ठिपक्यांबाबत, होतं. २००९ साली क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सॅमन मासा एमआरआयमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि इतक्या चाचण्यांसाठीची दुरुस्ती न करता विश्लेषण केलं; माशाच्या मेंदूत हालचाल दिसली. दुरुस्ती केल्यावर गायब. जनुकांसाठी बेंजामिनी-हॉकबर्ग ही १९९५ ची पद्धत बहुतेक ठिकाणी पुरते. निकालात कच्ची पी-व्हॅल्यू छापली असेल तर मी पुढे वाचत नाही.

काय लपवायचं

डेटा दुसऱ्याला देण्याआधी एक दिवस यासाठी राखून ठेवा. डायकॉमच्या शीर्षभागातून नाव काढलं म्हणजे झालं असं नाही. सोनोग्राफीच्या चित्रात नाव बरेचदा पिक्सेलमध्येच कोरलेलं असतं. डोक्याच्या एमआरआयमधून चेहरा पुन्हा उभा करता येतो. २०१९ च्या एका अभ्यासात चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने ८४ पैकी ७० स्वयंसेवक त्यांच्या फोटोंवरून बरोबर जुळवले. म्हणून चेहरा पुसून द्यायचा. दुर्मीळ प्रजातींच्या नोंदींना हाच नियम लागू. शिकारी आणि ऑर्किडचोर शोधनिबंध वाचतात. घरट्याचे अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत देणं म्हणजे जवळपास मीटरभर अचूकतेने पत्ता देणं. जाहीर प्रतीत एक दशांश ठेवा, पूर्ण आकडे मागणाऱ्याला करार करून द्या.

आठवड्याच्या शेवटी

आता अर्धं पान लिहा, मॉडेल चालवण्याआधी. नमुना कोणता, विभागणी कशावर, कोणता एक मापदंड बघणार, आणि काय निकाल आला तर तुमचं मत चुकलं असं मानणार. तारीख टाका आणि सहकाऱ्याला पाठवा. तपासायचा संच वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून त्याची किल्ली त्याच सहकाऱ्याकडे द्या, कारण स्वतःच्या हाताशी असलेला संच माणूस "जरा एकदाच" उघडून बघतोच.

सोमवारी लॉजिस्टिक रिग्रेशन किंवा रँडम फॉरेस्ट अशा साध्या मॉडेलपासून सुरुवात करा. यू-नेट (चित्रांसाठीचं न्यूरल नेटवर्क) आणि त्याहून जड गोष्टी त्या साध्या मॉडेलला हरवत असतील तरच ठेवायच्या. निकाल एका सरासरीत सांगू नका; रुग्णालयानुसार, बॅचनुसार, चौकोनानुसार वेगवेगळा लिहा, आणि सर्वात वाईट ओळ तक्त्याच्या वर ठेवा. मी तपासायला बसते तेव्हा तिथूनच वाचते.